साखळी, गुंठा आणि पाणी : बंगळूरच्या वसाहतींची आखणी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. नाटके, गणेशोत्सव, वाचनालय आणि मंडळाचे आरंभीचे दिवस यांविषयी अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. आमचे सारे आयुष्य जमीन मोजण्यात गेले. परंतु मग वाटले की, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी, एक कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर चार रेषांचा एक चौकोन असतो आणि पूर्वेस अमुक क्रमांकाची साइट, पश्चिमेस तमुक, उत्तरेस रस्ता अशा चतुःसीमा लिहिलेल्या असतात. गाव सोडून आलेल्या माणसाचे या शहराशी जे नाते जुळते, ते पुष्कळदा त्या चौकोनात येऊन स्थिरावते. तो चौकोन कोणी व कसा आखला, आखताना काय पाहिले आणि काय पाहावयाचे राहिले, ही हकीकत सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांस थोडाबहुत आहे. ती सांगताना आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहोत. किंबहुना तीसाठीच हा लेख लिहिला आहे.

साखळीचा धडा

आम्ही बंगळुरात मोजणीचे शिक्षण घेऊ लागलो ती १९७८ च्या सुमाराची गोष्ट. घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि वर्गात इंग्रजी, अशी आमची त्रिस्थळी यात्रा चाले. आमच्या शिक्षकांना सर्व विद्यार्थी ‘मेष्ट्रू’ म्हणत. ते जुन्या म्हैसूर संस्थानच्या वळणाचे गृहस्थ होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोजणी दप्तरातले काही जुने कागद टेबलावर पसरले आणि त्यांवरील शब्द मोठ्याने वाचावयास सांगितले. टिपण, आकारबंद, हिस्सा, हद्द, पहाणी, खराब, खाते, गुंठा! आमचे कानडी सोबती एकेका शब्दाचा अर्थ विचारीत होते आणि आम्ही मनातल्या मनात चकित होत होतो. हे सारे शब्द आम्ही गावी आजोबांच्या तोंडून ऐकले होते. परमुलुखात येऊन पाहावे, तो जमिनीची भाषा घरचीच निघाली.

याचे कारण इतिहासात आहे. १७९९ साली टिपूचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी म्हैसूर मुलखाची मोजणी हाती घेतली. विल्यम लॅम्ब्टन याने १८०० साली बंगळूरजवळ एक आधाररेषा मोजली आणि पुढे १८०२ साली मद्रासेपासून ती सुप्रसिद्ध त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्या मोजणीने पृथ्वीच्या पाठीवर बंगळूर कोठे आहे हे कळले. परंतु कोणाचे शेत कोठे संपते, हे त्यातून कळत नव्हते. ते काम महसुली मोजणीचे. आपल्याकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसविली, तिला ‘मुंबई पद्धत’ असे नाव पडले. म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनरांकडे असताना, बोरिंगच्या अमदानीत, १८६३ साली तीच पद्धत म्हैसुरात आणली गेली. हे शब्द मुळात निरनिराळ्या भाषांतले. काही फारसी, काही अरबी, काही देशी. परंतु आज पुण्याच्या आणि बंगळूरच्या भूमिलेखांत ते जवळजवळ एकाच अर्थाने नांदतात, यास त्या एका पद्धतीचा मोठा हातभार आहे.

त्या पद्धतीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, त्यांस आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. मेष्ट्रूंनी हा हिशेब आमच्याकडून इतका घटवून घेतला की, आजही दिवाणखान्यात पाऊल टाकताच त्याचे आणे आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात.

पायी फिरण्याचा धडा

दुसरा धडा वर्गात झालाच नाही. वसाहत आखण्यापूर्वी आखलेल्या वसाहती पायी फिरून पाहिल्या पाहिजेत, असा मेष्ट्रूंचा दंडक होता. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस हेही शहराची प्रकृती चालून तपासावी याच मताचे होते.

आम्ही निघालो ते जुन्या पेठेतून. १५३७ साली केंपेगौडांनी येथे मातीचा किल्ला बांधला आणि पेठा वसविल्या. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे जेथे एकमेकींना छेदतात तेथून चार दिशांना चार नांगर सोडले आणि त्यांच्या तासांवर रस्ते आखले, अशी कथा सांगतात. पुण्यात बाल शिवाजीच्या हस्ते सोन्याचा नांगर फिरविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वस्तीची पहिली रेघ नांगराने ओढावी, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच. पुण्याच्या पुष्कळ पेठांना वारांची नावे, तर येथल्या पेठांना धंद्यांची: अरळेपेटे कापसाची, अक्किपेटे तांदळाची, कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे पुणे आणि बंगळूर ही दोन्ही गावे काही काळ एकाच घरची होती. पुढे व्यंकोजीराजांनी ते ३ लाख रुपयांस विकण्याचा विचार केला. दरम्यान मोगलांनी ते घेतले आणि १६८७ साली ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले.

पेठेत गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना चिकटलेली. दुकान पुढे, बिऱ्हाड मागे. व्यापारास ही रचना सोयीची. परंतु १८९८ साली प्लेग आला तेव्हा हीच रचना जीवघेणी ठरली. मुंबईत प्लेग १८९६ साली आला, पुण्यात १८९७ साली त्याने कहर केला आणि पुढल्या वर्षी तो येथे पोहोचला. त्या काळी म्हैसूरचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर होते आणि प्लेग कमिशनरचे काम व्ही. पी. माधवराव यांच्याकडे होते. हे माधवराव कुंभकोणमचे. त्यांचे पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. पाटणकर हे आडनाव ऐकून आम्हांस त्या वयात जो अभिमान वाटला, तो येथे कबूल करून ठेवतो. पुढे १९०६ ते १९०९ ते म्हैसूरचे दिवाणही झाले.

शहराबाहेर आखीव वस्ती करण्याचा आरंभ १८९२ साली चामराजपेटेने झालाच होता. प्लेगनंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही दोन एक्स्टेन्शने उभी राहिली. मल्लेश्वरमच्या सम्पिगे रस्त्यावर मेष्ट्रूंनी आम्हांस थांबविले. सम्पिगे म्हणजे चाफा. शेजारचा समांतर रस्ता मार्गोसाचा, म्हणजे कडुनिंबाचा. त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस. ‘आता मागे चला,’ असे म्हणून ते आम्हांस घरांच्या पिछाडीला घेऊन गेले. दोन घरांच्या रांगांच्या पाठी जुळतात तेथे एक चिंचोळी गल्ली होती. भंगी समाजाच्या माणसाने घराच्या मागच्या दाराने यावे, मैला उचलावा आणि त्याच वाटेने निघून जावे, यासाठी ती आखली होती. आम्ही नकाशात तिची रुंदी मोजत होतो. मेष्ट्रू म्हणाले, ‘हिची रुंदी लिहा, आणि ही कोणासाठी होती, तेही लिहा.’ रस्त्याच्या पुढच्या बाजूस चाफा आणि मागच्या बाजूस ही वाट. एकाच हाताने, एकाच पट्टीने दोन्ही आखल्या. नकाशातली रेघ माणसांमध्येही रेघ ओढते, हे आम्ही तेथे शिकलो.

त्याच मल्लेश्वरमात काडुमल्लेश्वराचे देऊळ आहे. तेथील १६६९ सालच्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी देवास गाव दिल्याचा उल्लेख आहे. वसाहतीला नाव मिळाले ते या देवाचेच.

मेष्ट्रू मुंबईचेही दाखले देत. प्लेगनंतर १८९८ सालीच मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांतून पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आल्या. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यात सर्व मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरावयाच्या, रस्ते-मैदाने काढावयाची आणि उरलेले सुबक भूखंड त्याच मालकांस परत द्यावयाचे, अशी तरतूद होती. बंगळुरात मात्र मुख्यतः दुसरी रीत रूढ झाली. १९४५ साली शहर सुधार मंडळ आले आणि १९७६ च्या कायद्याने त्याची जागा बंगळूर विकास प्राधिकरणाने घेतली. शेतकऱ्याची जमीन संपादन करावयाची, लेआउट आखावयाचा आणि अर्जदारांस साइटी वाटावयाच्या, ही ती रीत. १९४८ मध्ये पाया घातलेले जयनगर आणि पुढची कित्येक नगरे अशीच वसली. आपल्यापैकी जे सरकारी कारखान्यांत आणि संशोधनसंस्थांत नोकरीस आले, त्यांतल्या अनेकांनी या साइटींसाठी अर्ज भरले, वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि क्रमांक लागला तेव्हा पेढे वाटले. ज्याच्या शेतात आपली साइट पडली त्या शेतकऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. जुन्या टिपणात ते सापडते.

आमचा पहिला नकाशा

असो. तिसऱ्या धड्यात आम्हांस प्रत्यक्ष आखणी करावयाची होती. शहराबाहेरचा १० एकरांचा एक उतरता तुकडा दिला होता. प्रथम त्याची हद्द मोजली, मग डंपी लेव्हल लावून ५०-५० फुटांवर जमिनीची उंची घेतली. स्टाफ धरणारा सोबती उन्हात उभा आणि आम्ही दुर्बिणीतून आकडे वाचून वहीत मांडतो आहोत, असे आठ दिवस गेले. त्या आकड्यांवरून सारख्या उंचीची ठिकाणे जोडून समोच्च रेषा काढल्या. तुकड्याच्या मधून तिरपा एक ओहोळ जात होता. मोजणीच्या दिवसांत तो कोरडा ठणठणीत होता आणि त्यात गुरे चरत होती.

मग नकाशा. १० एकर म्हणजे ४०० गुंठे. नव्या कायद्याप्रमाणे १५ टक्के जागा बागा व मैदानांस आणि आणखी १० टक्के जागा शाळा, दवाखाना, बाजार यांसारख्या नागरी सोयींस ठेवावयाची. म्हणजे १०० गुंठे गेले. रस्त्यांस सुमारे आणखी १०० गुंठे धरावे लागतात. उरले २०० गुंठे, म्हणजे २,१७,८०० चौरस फूट. ३० बाय ४० ची एक साइट १,२०० चौरस फुटांची. तेव्हा फार तर १८१ साइटी. व्यवहारात त्याहून कमीच, कारण कोपरे छाटावे लागतात आणि कडेला तिरप्या, वेड्यावाकड्या साइटी उरतात.

आम्ही काढल्या २४०! रस्ते २० फुटांचे केले, बागेला कोपऱ्यातला एक त्रिकोण दिला, मैदान शाळेच्याच आवारात दाखविले आणि तो तिरपा ओहोळ उचलून तुकड्याच्या कडेने काटकोनात वळवून टाकला. साइटी सगळ्या पूर्वाभिमुख वा उत्तराभिमुख याव्यात, याचीही काळजी घेतली. रेषा सरळ, अक्षर सुवाच्य; वर्गात सर्वांत अधिक साइटी आमच्याच नकाशात होत्या. आम्ही मोठ्या ऐटीने तो टेबलावर ठेवला.

मेष्ट्रूंनी आमचा समोच्च रेषांचा कागद उचलला, नकाशाखाली धरला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर लावले. उजेडात खालच्या रेषा वर उमटल्या. तांबड्या पेन्सिलीने त्यांनी ओहोळाची मूळ वाट गिरविली. ती १७ साइटींमधून गेली. ‘हे १७ जण कोण असतील?’ एवढेच त्यांनी विचारले. आम्ही काही बोललो नाही. मग ते कानडीत म्हणाले, ‘मोदलु नीरु, आमेले दारी, कोनेगे सैटु.’ म्हणजे, आधी पाणी, मग वाट, शेवटी साइट.

नकाशा पुन्हा काढला. या वेळी प्रथम ओहोळास त्याची वाट मोकळी ठेवली. बागेची जागा त्याच्या दोन्ही काठांस लांबट पट्टीसारखी दिली, म्हणजे पावसाळ्यात पाण्याने पाय पसरले तरी गवतावरच पसरावे. मुलांच्या मैदानाला मात्र सुकी, सपाट जागा काढली. सखल खड्डा मैदान म्हणून मुलांच्या पदरात टाकू नये, असे मेष्ट्रू म्हणत. मुख्य रस्ता उंचवट्याच्या कडेने नेला. क्रॉस उताराच्या दिशेने असे उतरविले की, त्यांच्या गटारांना आपोआप वाहण्यापुरता उतार मिळावा आणि शेवटी ते ओहोळास मिळावेत. समोच्च रेषेवर रस्ता ठेवला तर चालणे सोपे, परंतु गटार तुंबते. रेषेला अगदी काटकोनात नेला तर पाणी धावते, परंतु चढ दमवितो. दोन्हींचा मेळ घालता घालता तीन रात्री गेल्या. सर्व रस्ते बसल्यावर उरलेल्या जागेत साइटी मांडल्या. त्या भरल्या १६६. त्यांतल्या पुष्कळ पश्चिमाभिमुख होत्या. मेष्ट्रूंनी खाली सही केली.

तळ्यांचे गाव

आधी पाणी का, हे कळण्यास बंगळूरची भूमी समजून घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पाणलोटाच्या कण्यावर वसलेले आहे. पश्चिमेकडे पडलेले पाणी वृषभावतीतून अर्कावतीस आणि पुढे कावेरीस मिळते; पूर्वेकडचे बेळ्ळंदूर, वर्तूर अशा तळ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जाते. गावाला मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी दर ओहोळावर बांध घालून एकाखाली एक तळी बांधली. वरचे तळे भरले की त्याच्या सांडव्याचे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात जावे, अशी ती माळ. या कालव्यांना येथे ‘राजकालुवे’ म्हणतात.

१८९० च्या दशकात हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि १९७४ साली कावेरीचे आले. पिण्याला तळे लागेनासे झाले तशी त्याची निगा राखण्याचे कारण लोकांच्या मनातून गेले. केंपेगौडांच्या काळचे धर्माम्बुधी तळे जेथे होते तेथे आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. गावावरून आलेले आपले पाहुणे बसमधून प्रथम जेथे पाय ठेवतात, तो त्या तळ्याचा तळ होय.

नावांनी मात्र इमान राखले. ज्या नावाच्या शेवटी ‘केरे’ आहे तेथे तळे होते. ‘संद्र’ हा समुद्राचा अपभ्रंश, म्हणजे मोठे तळे. ‘बी.टी.एम.’ अशी तीन अक्षरे आपण रोज उच्चारतो. ती बैरसंद्र, तावरेकेरे आणि मडिवाळ या तीन गावांची आद्याक्षरे आहेत. तीनांपैकी दोन नावे पाण्याची. अक्षरे राहिली, गावे मिटली आणि पाण्याची आठवण नावाबरोबर पुसट झाली.

शहर वाढत गेले तशी प्राधिकरणाच्या साइटी अपुऱ्या पडू लागल्या आणि शेतजमिनीचे परस्पर तुकडे करून विकण्याचा व्यवहार फोफावला. आपल्याकडे ज्यास ‘गुंठेवारी’ म्हणतात आणि जिच्यासाठी महाराष्ट्रात २००१ साली कायदा करावा लागला, तिचीच ही येथली बहीण. येथे अशा तुकड्यांस ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात. त्यांच्या नकाशांत १०० गुंठे कोणी सोडीत नाही. आमच्या पहिल्या नकाशातली २४० साइटींची हाव तेथे प्रत्यक्ष जमिनीवर उतरते.

एका स्नेह्याचे घर

आता ती चूक. १९९४ सालचा गणेशोत्सव होता. आरती झाल्यावर मंडळातले आमचे एक स्नेही, जे सरकारी कारखान्यातून निवृत्तीस आले होते, आमच्याजवळ येऊन बसले. शहराच्या दक्षिणेस एका नव्या वसाहतीत साइट घेण्याचे त्यांच्या मनात होते. त्यांनी पिशवीतून रंगीत छापील नकाशा काढला. ‘अहो, तुम्ही यातले जाणकार. एकदा नजर टाका म्हणजे मला झोप लागेल,’ ते म्हणाले.

आम्ही नजर टाकली. साइट ३० बाय ४०, पूर्वाभिमुख, पुढे ३० फुटी रस्ता, कोपऱ्यात हिरवी बाग. रेषा सरळ होत्या. ‘छान आहे,’ आम्ही म्हणालो. जागा पाहिली नाही. गावाचा मूळ नकाशा मागितला नाही. समोच्च रेषा तर छापील कागदावर कधीच नसतात. प्रसादाचे ताट हातात होते, शेजारी मंडळी गप्पा मारीत होती आणि स्नेह्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की, ‘थांबा, आधी जमीन पाहू,’ असे म्हणणे आम्हांस त्या वेळी अवघड वाटले.

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी घर बांधले. वास्तुशांतीला आम्ही जेवलो. अंगण रस्त्यापेक्षा किंचित खाली आहे, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आले होते. तरीही आम्ही बोललो नाही. पुढे २००५ च्या ऑक्टोबरात बंगळुरात अतोनात पाऊस झाला. एका रात्री त्यांच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा दोघे पतिपत्नी गच्चीवर लग्नाचे फोटो उन्हात वाळवीत बसली होती. स्नेही काही बोलले नाहीत. वहिनींनी मात्र चहा देता देता अगदी सहज विचारले, ‘भावोजी, नकाशात पाणी दाखवीत नाहीत का हो?’

आम्ही घरी येऊन त्या गावचा जुना नकाशा मिळविला. ज्या सर्व्हे नंबरात ती वसाहत होती, त्याच्या मधून एक ओहोळ गेलेला होता आणि क्षेत्राच्या रकान्यात काही गुंठे ‘ब’ खराब म्हणून लिहिलेले होते. आपल्याकडच्या सातबारावर पोटखराब्याचे जे वर्ग असतात, तसेच येथेही आहेत. ‘अ’ म्हणजे लागवडीस नालायक जमीन. ‘ब’ म्हणजे नाला, वाट, तळे यांसारख्या सार्वजनिक कामाची जमीन, जी कोणास विकता येत नाही. तो शब्द आमच्या आजोबांच्या भाषेतला होता. तो वाचण्यासाठीच आम्ही दोन वर्षे शिकलो होतो. ज्या दिवशी वाचावयास हवा होता, त्या दिवशी आम्ही रंगीत कागदावरच्या सरळ रेषांवर समाधान मानले. खिडकीच्या काचेवर धरलेले ते दोन कागद आणि ‘हे १७ जण कोण असतील?’ हा प्रश्न त्या रात्री आम्हांस आठवला. त्या १७ जणांतले एक आमचेच स्नेही निघाले.

स्नेह्यांनी पुढे जोते उंचावून घेतले. आमची मैत्री टिकली, ती त्यांच्या मोठेपणामुळे.

शेवटी चार गोष्टी

त्यानंतर आम्ही एक नियम केला. मंडळातल्या कोणाही कुटुंबास घर वा साइट घ्यावयाची असेल, तर कागद पाहण्यापूर्वी आम्ही जागेवर जातो. २०२२ च्या सप्टेंबरात पूर्वेकडच्या श्रीमंत वसाहतींतूनही माणसांना नावांतून आणि ट्रॅक्टरांतून बाहेर काढावे लागले. तेव्हापासून तर तरुण मंडळी आपण होऊन विचारतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली, जागा भर पावसाळ्यात, शक्यतो मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाहावी. दुसरी, गावाचा जुना नकाशा आणि त्या सर्व्हे नंबराचे टिपण व आकारबंद मागून त्यात ओहोळ, तळे आणि ‘ब’ खराब कोठे आहे ते पाहावे. तिसरी, वसाहतीच्या नकाशात बाग आणि मैदान किती व कोठे सोडले आहे ते मोजावे. नियमाप्रमाणे जागा सुटली नसेल तर ती कोणाच्या साइटीत गेली हे विचारावे. चौथी, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावे. येथे पूर्वी काय होते, हे तो सांगतो. त्यासाठी थोडी कानडी शिकावी लागेल. ती शिकण्यास याहून चांगले निमित्त नाही.

आज मोजणीची विद्या पार बदलली आहे. साखळी गेली, टोटल स्टेशन आले; उपग्रहांवरून जागा ठरते, ड्रोनने एका सकाळी शेकडो एकरांची उंची मिळते. आमच्या आठ दिवसांच्या उन्हातल्या आकड्यांपेक्षा ते आकडे कितीतरी अचूक आहेत. परंतु त्या आकड्यांकडे पाहून आधी काय आखावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. पुण्याच्या विद्यालयात शिकून १८८३ साली अभियंता झालेले आणि नाशिकपासून नोकरीस आरंभ करून पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे या दोन प्रांतांमधील विद्येच्या देवाणघेवाणीचे थोर उदाहरण आहेत. बंगळूरचे विश्वेश्वरय्या पुण्यास शिकले. आमच्यासारखे महाराष्ट्राकडचे सामान्य विद्यार्थी बंगळुरात एका कानडी मेष्ट्रूंकडे शिकले. त्या ऋणाची ही अल्पशी नोंद.

मेष्ट्रू आज हयात नाहीत. त्यांनी सही केलेला १६६ साइटींचा तो नकाशा आमच्या कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवलेला आहे. कागद पिवळा पडला. ओहोळाची निळी रेघ मात्र अजून स्पष्ट दिसते. मंडळाच्या पुढच्या पिढीतल्या कोणास ही विद्या शिकावीशी वाटली, तर त्याने अवश्य घरी यावे. नकाशा काढून दाखवू, आणि मग त्यास घेऊन जागेवर जाऊ.